विद्यापीठ कुठे भरतं?

भरती लागली आहे. खाडीचं पाणी ठाण्याच्या दिशेने चढू लागलंय आणि मिठाने भरलेल्या पडावात, तांडेलाने दाखवलेल्या जागी, तुम्ही अंग आखडून बसला आहात. साल 1862. भाईंदरहून मुंबईला जायचं तर आज तुम्हाला आधी वाट वाकडी करून ठाण्याला जावं लागणार आहे.

मागे वळून बघा. पूल नाही, फलाट नाही, एकही इमारत मान वर करून बघावी इतकी उंच नाही. मिठागरांचे चौकोन, त्यांच्या बांधांवरून चालणारी माणसं, खाजणातली हिरवी दाटी आणि पश्चिमेला उत्तन-डोंगरीची रांग. 2011 च्या जनगणनेत इथे 8,09,378 माणसं मोजली जातील, हे या तांडेलाला सांगून पटणार नाही. पश्चिम किनाऱ्याची रेल्वे अजून मुंबईत पोचलेली नाही. 12 एप्रिल 1867 ला विरारहून मुंबईकडे रोजची गाडी सुरू होईल, तेव्हाही तिच्या थांब्यांत वसई असेल, खाडीतल्या बेटावरचं पाणजू असेल, बोरिवली असेल, भाईंदर नसेल.

घोडबंदरचा किल्ला उजव्या हाताला मागे पडतो. त्याच्या दक्षिणेला जे जंगलाचे डोंगर दिसतायत, त्यांच्या पोटात कान्हेरीची लेणी आहेत. शंभराहून अधिक लेणी, आणि त्यांत हजार वर्षं चाललेलं शिकणं-शिकवणं. नवव्या शतकातल्या एका शिलालेखात विहाराला दिलेल्या दानाचा हिशेब आहे: पूजेसाठी इतकं, डागडुजीसाठी इतकं, भिक्षूंच्या वस्त्रांसाठी इतकं, आणि ग्रंथ विकत घेण्यासाठी वेगळं. तुमच्या गावाच्या पाठीशी असलेल्या डोंगरात कुणीतरी ग्रंथखरेदीची तरतूद दगडात कोरून ठेवली होती. आज तिकडे वळायला वेळ नाही, पण हे लक्षात असू द्या. शिकणं या भागात बाहेरून आलेलं नाही.

तुम्ही निघाला आहात ते विद्यापीठ बघायला. तुम्ही भाईंदर पूर्वेच्या शंकर नारायण महाविद्यालयात शिकत असाल, मीरा रोडच्या रॉयलमध्ये असाल किंवा पदवी घेऊन बरीच वर्षं झाली असतील. मुंबई विद्यापीठ तुम्हाला भेटलं ते प्रवेशपत्रावरच्या शिक्क्यात आणि गुणपत्रिकेच्या कागदावर. विद्यापीठ म्हणजे फोर्टमधला तो मनोरा, तिथली ती नावं, आणि आपण त्या सगळ्याच्या बाहेर, लोकलच्या दुसऱ्या टोकाला. असं वाटत असेल तर हा प्रवास तुमच्यासाठी आहे.

प्रवासाची अट एकच. वाटेत थोर माणसं भेटतील. त्यांच्या तोंडी आपले शब्द घालायचे नाहीत. तुम्ही प्रश्न विचारायचा. उत्तर म्हणून त्यांनी जे केलं, जे लिहून ठेवलं, तेवढंच घ्यायचं. ते पुष्कळ आहे.

ठाण्याच्या बंदरात उतरून तुम्ही स्टेशनापर्यंत चालता. बोरीबंदरची ही गाडी सुरू होऊन नऊ वर्षं झाली आहेत. बोरीबंदरला उतरलात की धूळ नाकात जाते: फोर्टच्या जुन्या तटबंदीला नुकताच हात लागला आहे. अमेरिकेत यादवी पेटल्यामुळे तिथला कापूस विलायतेला जात नाही, म्हणून इथल्या कापसाला सोन्याचा भाव आलाय. बैलगाड्या, गासड्या, दलालांच्या हाका. त्या गर्दीतून वाट काढत तुम्ही टाउन हॉलच्या पायऱ्यांपाशी येता. तीस पायऱ्या, वर जाडजूड खांब. दाराशी पट्टेवाला.

"युनिव्हर्सिटी कुठे आहे?"

तो तुमच्याकडे वरपासून खालपर्यंत बघतो. "युनिव्हर्सिटी म्हणजे परीक्षा ना? त्या इथेच होतात. शिकायचं असेल तर कॉलेजात जा."

त्याने थट्टा केलेली नाही. 18 जुलै 1857 ला कायदा होऊन स्थापन झालेल्या या विद्यापीठाला स्वतःची इमारत नाही, वर्ग नाही, शिकवणारा एक माणूस नाही. लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर ते उभं केलंय: शिकवायचं महाविद्यालयांनी, परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची विद्यापीठाने. म्हणजे भाईंदरच्या संलग्न महाविद्यालयात बसून तुम्ही विद्यापीठाला ज्या रूपात ओळखता, तेच त्याचं मूळ रूप आहे. पहिल्या पदवीधरांनाही विद्यापीठ भेटलं ते प्रश्नपत्रिकेतूनच.

ते पहिले पदवीधर आज इथे आहेत. पहिल्या बी.ए.चे चौघे: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे, वामन आबाजी मोडक. अख्ख्या मुंबई इलाख्यातून चार. रानडे वीस वर्षांचे आहेत, जन्म निफाडचा, बालपण कोल्हापूरचं. भांडारकर मालवणचे, रत्नागिरीच्या शाळेतून आलेले, चोविशीतले. तुम्ही लोकलच्या दुसऱ्या टोकाचे, म्हणून संकोचत होतात ना? या दोघांपैकी मुंबईचा कुणीच नाही.

भांडारकरांना विचारा, तुम्हाला शिकवलं कुणी? एल्फिन्स्टनमध्ये दादाभाई नौरोजींनी. गणित आणि पदार्थविज्ञानाचे ते पहिले भारतीय प्राध्यापक. आणि दादाभाई विद्यार्थी होते तेव्हा त्याच संस्थेत बाळशास्त्री जांभेकर शिकवत होते. देवगडजवळच्या पोंभुर्ल्याचा हा तरुण 1832 साली 'दर्पण' काढतो, 1834 साली एल्फिन्स्टनमध्ये शिकवायला लागतो आणि 1846 साली, पस्तिशीही न गाठता, जातो. विद्यापीठाचा कायदा होण्याच्या अकरा वर्षं आधी. पट्टेवाल्याने सांगितलं त्यातली खोच इथे कळते. विद्यापीठ कागदावर 1857 साली आलं. त्याच्या आधीच इथे एक माणूस दुसऱ्याला शिकवत होता, दुसरा तिसऱ्याला. ही साखळी नसती तर त्या चौघांपुढे टाकलेली प्रश्नपत्रिका कोरीच राहिली असती.

भांडारकर पुढे संस्कृतचे जगन्मान्य पंडित होणार, पण या पदवीसाठी त्यांनी तसं संस्कृत शिकलेलंच नाही. ते त्यांनी नंतर, शिक्षणखात्याचे प्रमुख हॉवर्ड यांच्या आग्रहावरून हाती घेतलं. शास्त्र्यांपाशी बसून, बरंचसं स्वतःच झगडून. मग पुढच्या पोरांना तसं झगडावं लागू नये म्हणून पाठ्यपुस्तकं लिहिली. मार्गोपदेशिका अजून वापरात आहे. ज्याला शिकताना वाट सापडली नव्हती त्याने वाट बांधून दिली, याहून मोठी प्राध्यापकी मला माहीत नाही.

रानडे बोलायला सावकाश, देहाने भारदस्त. त्यांना शिष्यवृत्तीचं विचारा. विद्यार्थी असताना त्यांनी एका निबंधात मराठ्यांच्या राज्यकारभाराची इंग्रजी अंमलाशी तुलना केली आणि माप मराठ्यांच्या बाजूने झुकवलं. प्राचार्य होते सर अलेक्झांडर ग्रँट, अ‍ॅरिस्टॉटलचे गाढे अभ्यासक. त्यांनी रानड्यांना बोलावून समज दिली: जे सरकार तुला शिकवतंय त्याचीच निंदा करू नये. आणि सहा महिने शिष्यवृत्ती बंद केली. एकाच खोलीत दोन गोष्टी घडल्या. गुरूने शिष्याला शिक्षा केली, आणि शिष्याच्या मनातला गुरूविषयीचा आदर तरीही राहिला. ग्रँट त्यांचे आवडते शिक्षक होते. रानड्यांनी निबंधातला विचारही सोडला नाही. चाळीसेक वर्षांनी मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावर त्यांनी आख्खा ग्रंथ लिहिला. विद्यार्थ्याने गुरूशी भांडावं कसं, याचा मला माहीत असलेला हा सर्वांत सभ्य नमुना.

पण या दिमाखात तुम्हाला काहीतरी खुपतं. उत्तरपत्रिका इंग्रजीत आहेत. आणि लवकरच, याच दशकात, मॅट्रिकच्या वरच्या परीक्षांतून मराठीला बाहेर काढून तिच्या जागी संस्कृत, लॅटिनसारख्या अभिजात भाषा बसवल्या जाणार आहेत. मराठी शिकून उच्च शिक्षणाची पदवी मिळणार नाही, असं ठरणार आहे, आणि तेही मराठी मुलखाच्या विद्यापीठात. रानड्यांना हे आयुष्यभर डाचलं. न्यायाधीश झाले, केवढे व्याप मागे लागले, तरी विद्यापीठाच्या सभांत ते हा विषय पुन्हा पुन्हा काढत राहिले. विरोधकांचं म्हणणं असे की मराठीत वाचण्याजोगं आहेच काय. 1898 साली रानड्यांनी मराठी वाङ्मयाच्या वाढीवर टिपण लिहिलं, कोणत्या विषयावर किती पुस्तकं निघाली याची मोजदाद मांडली. आक्षेपाला त्यांनी यादीने उत्तर दिलं. जानेवारी 1901 मध्ये ते गेले, विद्यापीठाच्या एम.ए.त मराठीला दार उघडलं ते त्यांच्या त्या अखेरच्या खटपटीमुळे. आज कुणी मुंबई विद्यापीठात मराठी घेऊन एम.ए. करतं, तेव्हा त्या यादीची पुण्याई त्याच्या पाठीशी असते.

दुसरी खुपणारी गोष्ट म्हणजे सभागृहात एकही स्त्री नाही. तुम्ही स्त्री असाल तर पट्टेवाल्याच्या नजरेचा अर्थ तुम्हाला आता कळला असेल.

पुढे चला. कापसाचा पैसा काही वर्षांत दगडांत उतरतो. त्या तेजीत गब्बर झालेले प्रेमचंद रायचंद ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये देतात. 1865 साली बाजार कोसळतो, पण देणगी टिकते. 1869 ला काम सुरू, नोव्हेंबर 1878 ला मनोरा पुरा. 280 फूट, कुर्ल्याच्या पिवळसर दगडात. मनोऱ्याला नाव प्रेमचंदांच्या आईचं, राजाबाईंचं. आराखडा करणारे सर गिल्बर्ट स्कॉट मुंबईला कधी आलेच नाहीत. विद्यापीठाला आता घर मिळालंय. घराच्या माथ्यावर एका बाईचं नाव आहे, पण बायांना आत यायला अजून पाच वर्षं आहेत: 1883 साली विद्यापीठाने स्त्रियांना परीक्षांना बसू द्यायचं ठरवलं. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून या विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री पदवीधर झाल्या. इतक्या वरच्या क्रमांकाने, की विलायतेची सरकारी शिष्यवृत्ती त्यांचीच होती. ती नाकारली गेली, कारण त्या स्त्री होत्या. मग हितचिंतकांनी पैसे गोळा केले आणि त्या ऑक्सफर्डला कायदा शिकायला गेल्या. तिथे हा विषय शिकणाऱ्या त्या पहिल्या स्त्री.

आता थेट नोव्हेंबर 1918. सिडनहॅम कॉलेज, वाणिज्य शिकवणारं आशियातलं पहिलं महाविद्यालय, सुरू होऊन पाच वर्षं झालेली. वर्गात जागा मिळवायला तुम्हाला लवकर यावं लागेल, कारण इतर कॉलेजांचे विद्यार्थीही परवानगी काढून या तासाला येऊन बसतात. विषय राजकीय अर्थशास्त्र. शिकवणारे सत्तावीस वर्षांचे, कोलंबिया विद्यापीठातून परतलेले. डॉ. भीमराव रामजी आंबेडकर. सहा वर्षांपूर्वी, 1912 साली, याच विद्यापीठाची बी.ए. त्यांनी एल्फिन्स्टनमधून घेतली आहे.

सुरुवातीला काही विद्यार्थ्यांना शंका होती, हा माणूस आपल्याला काय शिकवणार. ती शंका फार टिकली नाही. तयारी इतकी पक्की, मांडणी इतकी बांधेसूद, की बाहेरची पोरं यायला लागली. तास संपतो आणि तुम्ही त्यांच्यामागे प्राध्यापकांच्या खोलीपर्यंत जाता. तिथे पाण्याचं भांडं आहे. त्या भांड्यातलं पाणी त्यांनी घ्यायला सहकारी प्राध्यापकांपैकी काहींची हरकत आहे.

इथे थांबा जरा. याच खोलीत शिकलेली माणसं बसली आहेत, याच विद्यापीठाच्या पदव्या त्यांच्या नावापुढे आहेत. त्या चौघांपैकी रानडे आणि भांडारकर ज्या प्रार्थना समाजात रमले, त्या समाजाने जातिभेदाविरुद्ध अर्धशतक प्रवचनं केली आहेत. आणि खोलीत पाण्याचं भांडं हे असं आहे. पदवी माणसाला किती आणि कुठवर बदलते, याचा हिशेब ज्याला करायचा असेल त्याने या खोलीत यावं.

या नोकरीत असतानाच, 31 जानेवारी 1920 ला, 'मूकनायक' निघाला. सरकारी नोकरीमुळे संपादक म्हणून नाव दुसऱ्याचं. पगारातून पैसे साठवून, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत घेऊन ते अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायला त्याच वर्षी लंडनला गेले.

ते परत आल्यावर, 1924 साली, त्यांना एक प्रश्न विचारला गेला, आणि तो नेमका तुमचा प्रश्न आहे. मुंबई विद्यापीठात सुधारणा सुचवण्यासाठी नेमलेल्या समितीने प्रश्नावली काढली होती. आंबेडकरांचं लेखी उत्तर त्यांच्या समग्र वाङ्मयात आहे. कुणाही विद्यार्थ्याने ते मुळातून वाचावं. त्यांचं म्हणणं असं: नुसतं परीक्षा घेणारं विद्यापीठ हे खरं विद्यापीठ नव्हे. शिकवणं, संशोधन आणि परीक्षा यांची फारकत केली की तिन्ही कोरडी पडतात. पदवीपर्यंतचे विद्यार्थी महाविद्यालयांकडे सोडून द्यायचे आणि विद्यापीठाने फक्त पदव्युत्तरांचं बघायचं, ही वाटणी चुकीची. थोर शिक्षकांचा सहवास कोवळ्या वयातल्या विद्यार्थ्यालाही मिळाला पाहिजे. 1862 साली पट्टेवाल्याने जे सहज सांगितलं होतं, त्याच्यावर बासष्ट वर्षांनी याच विद्यापीठाच्या एका माजी विद्यार्थ्याने केलेली ही सर्वांत नेमकी टीका. मला ती आजही लागू वाटते. भाईंदरच्या पहिल्या वर्षाच्या वर्गाला विद्यापीठातल्या उत्तम प्राध्यापकाचा आवाज ऐकायला मिळतो का? मिळाला पाहिजे, आणि ही मागणी शंभर वर्षं जुनी आहे.

सुरुवात मात्र झालेली होती. 1919 साली विद्यापीठाने स्वतःचा समाजशास्त्र विभाग काढला, देशातला पहिला, आणि पॅट्रिक गेडिस नावाच्या नगररचनाकाराला तिथे आणलं. त्यांनी निवडलेला विद्यार्थी, गोविंद सदाशिव घुर्ये, हाही मालवणचाच. एल्फिन्स्टनमध्ये संस्कृत शिकवणारा हा तरुण केंब्रिजला मानवशास्त्र शिकून येतो आणि 1924 पासून विभागाची सूत्रं हाती घेतो. गेडिसांनी घुर्यांची पारख केली ती मुंबई शहरावरच्या एका निबंधावरून. शहर कसं वाढतं, कुणाला सामावतं, कुणाला कडेला ढकलतं, हा प्रश्न. त्याचं उत्तर आज लिहायचं झालं तर सुरुवात मीरा-भाईंदरपासून करावी लागेल: मिठागरांवर उभ्या राहिलेल्या चाळी आणि मग मनोरे, आगरी-कोळ्यांची, ख्रिस्ती वाड्यांची गावं, 1985 साली नगरपरिषद, 2002 साली महापालिका. तुमच्या गल्लीत पीएच.डी.चे किती विषय पडून आहेत याची कल्पना करा.

घुर्यांच्या विभागात 1920च्या दशकाच्या उत्तरार्धात एक उंच, ठसठशीत विद्यार्थिनी दिसते. इरावती कर्वे. चित्पावनांवर प्रबंध लिहून 1928 साली त्या एम.ए. होतात आणि बर्लिनला जातात. तिथले मार्गदर्शक ऑयगेन फिशर यांना कवट्यांच्या मोजमापातून वंशश्रेष्ठता सिद्ध करून हवी आहे. इरावतीबाई मोजमाप करतात आणि लिहितात की पुराव्यातून तसं काही निघत नाही. परक्या देशात, ज्याच्या हातात आपली पदवी आहे त्या माणसासमोर. रानड्यांचा निबंध आठवा. बाई रानड्यांना कधी भेटल्या नाहीत; रानडे गेले तेव्हा त्या जन्मल्याही नव्हत्या.

त्याच सुमाराला शहरात दोन भगिनी शिकतायत. धाकटी कमला भागवत, पुढच्या कमला सोहोनी. 1933 साली याच विद्यापीठाची बी.एस्सी., वरच्या क्रमांकाने. बंगळूरच्या विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन त्यांना स्त्री म्हणून प्रवेश नाकारतात. त्या हटत नाहीत. अटी घालून का होईना, प्रवेश मिळवतात, 1939 साली केंब्रिजची पीएच.डी. घेतात, मायदेशी परततात आणि पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्र शिकवतात. तिथे त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी नीरेवर संशोधन केलं, कुपोषित मुलांना तिचा उपयोग होतो का, हे तपासलं. उत्तन-गोराईच्या वाडीत वाढलेल्यांना नीरा सांगायला नको. ताडामाडाचा तो रस केंब्रिजहून आलेल्या बाईंनी प्रयोगशाळेच्या टेबलावर सन्मानाने ठेवला.

थोरली दुर्गा. घुर्यांच्या विभागात संशोधन करताना आदिवासींचा अभ्यास करायला मध्य भारतातल्या जंगलांत गेल्या, तिथे विषबाधा झाली आणि सहा वर्षं अंथरुणाला खिळल्या. विद्यापीठाची पीएच.डी. हुकली. नोकरी नाही, खुर्ची नाही. मग त्या कुठे गेल्या?

1976 मध्ये चला. पुन्हा त्याच तीस पायऱ्या, तेच जाडजूड खांब. टाउन हॉल आता एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय म्हणून ओळखला जातो. पहिल्या चौघा पदवीधरांच्या वेळच्या त्याच वास्तूत, पुस्तकांच्या ढिगामागे, सहासष्ट वर्षांच्या दुर्गाबाई बसल्या आहेत. कित्येक दशकं त्या इथे अशाच येतायत. लोकसाहित्य, बौद्ध वाङ्मय, ऋतू, पाककृती, भरतकाम. कुठल्याही अभ्यासमंडळाने आखून न दिलेला अभ्यासक्रम. कुणीही शेजारी येऊन प्रश्न विचारावा. मागच्या डिसेंबरात कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून त्यांनी आणीबाणीचा निषेध केला, स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण मंचावर असताना जयप्रकाश नारायणांच्या प्रकृतीसाठी प्रार्थनेचं आवाहन केलं. आज पोलीस त्यांना न्यायला आले आहेत. इथेच, ग्रंथालयात.

तुम्ही त्यांना काही विचारायला पुढे होता, पण वेळ नाही. त्या उठून चालू लागल्या आहेत.

एक जागा मी मुद्दाम शेवटी ठेवली आहे. क्रम मोडून मागे यायचं आहे, 1946 मध्ये. यावेळी पडाव नको. 1936 पासून विरारपर्यंत विजेवरची गाडी धावतेय, तेव्हा भाईंदरला पहाटेची गाडी धरा आणि मरीन लाइन्सला उतरा. युद्ध संपलंय, लष्कराच्या बराकी रिकाम्या झाल्या आहेत. त्यातल्या काहींत 20 जूनला एक महाविद्यालय सुरू झालंय: सिद्धार्थ कॉलेज. आंबेडकरांनी आदल्या वर्षी स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं पहिलं. पुढे ते फोर्टात जाईल, पण आत्ता छप्पर बराकीचं आहे.

वेळापत्रक बघा. तास सकाळचे आहेत. जे दिवसा नोकरी करतात त्यांना कामावर जायच्या आधी शिकता यावं, म्हणून. सिडनहॅममध्ये ज्याचे तास ऐकायला शहरभरची पोरं येत होती, 1935 पासून तीन वर्षं जो सरकारी विधी महाविद्यालयाचा प्राचार्य होता, त्या माणसाने महाविद्यालय काढताना विद्यार्थ्याच्या दिवसाचं गणित आधी मांडलं. प्रवेश सगळ्या जातींना. शिकण्याची इच्छा असलेला माणूस कारकून असेल, गिरणीत असेल, घरात मिळवता एकटाच असेल, हे या वेळापत्रकाने धरून चाललंय. पहाटेची गाडी आणि सकाळचा तास, हे दोन्ही जुळले आणि भाईंदरसारख्या गावाहून मुंबईत नोकरीला येणाऱ्याच्या आवाक्यात बी.ए. आली. ग्रंथालयाच्या आणि मनोऱ्याच्या चार लाखांपेक्षा या वेळापत्रकाने विद्यापीठ जास्त वाढवलं, असं मला मनापासून वाटतं.

तुम्ही मागच्या बाकावर बसता. शेजारी विशीतला एकजण, इस्त्रीचा सदरा, गुडघ्यावर कचेरीची पिशवी.

"कुठून येता?"

"भाईंदर."

"मी कल्याणहून. चारला उठतो." तो वही उघडतो. अक्षर बारीक, कागद वाचवणारं. "सर आले की आधी हजेरी, मग अर्थशास्त्र. एक काम कराल? शेवटची दहा मिनिटं मी नसणार, हपिसात हजेरीचा कडक नियम आहे. तेवढं उतरवून घ्या."

"घेतो की."

"आणि माझा एक प्रश्न राहिलाय कालपासून. लढाईत धान्याचे भाव इतके चढले, मग आमचे पगार त्या मानाने का नाही चढले? पुस्तकात उत्तर सापडलं नाही. मी गेल्यावर विचारा. माझ्या नावाने विचारा, म्हणजे सर उद्या मलाही सांगतील."

सर आत येतात, बाकं सरकतात, सगळे उठून उभे राहतात. तो बसता बसता तुमच्याकडे झुकतो.

"उत्तर पटलं नाही तर पुन्हा विचारा. इथे चालतं ते."